डेल्गाडोला अजून तीन मतं हवीयत : कूपर्सटाउनच्या कमिटीला खुलं पत्र

बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे कूपर्सटाउनमधल्या महान खेळाडूंच्या त्या दालनाच्या, कमिटीतल्या मंडळींना, म्हणजे २०२८ च्या डिसेंबरमध्ये दार लावून मतं देणार आहात त्या सोळा जणांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या एकालाही मराठी येत असेल असं वाटत नाही, तरी लिहितोय, भांडायला मला हीच भाषा बरी पडते आणि आजकाल मोबाइल काय, सगळंच वाचून दाखवतो. शिवाय हे पत्र थोडं आमच्या इथल्या लोकांसाठी पण आहे. २०२५ ची वर्ल्ड सिरीज आमचे टोरंटोचे ब्लू जेज सातव्या मॅचला डॉजर्सकडून हरले तेव्हापासून टोरंटो-मिसिसागाच्या मराठी ग्रुपांवर बेसबॉलचं वारं शिरलंय. ज्यांना काल-परवापर्यंत इनिंग किती असतात ते माहिती नव्हतं ते आता ब्लू जेजच्या व्लाडी ज्युनियरने कुठला बॉल सोडायला हवा होता यावर मोठमोठे मेसेज टाकतात. छान आहे, माझी तक्रार नाही. पण परवा मी सहज ब्लू जेजच्याच जुन्या कार्लोस डेल्गाडोचं नाव काढलं तर एकाने विचारलं, "कोण हो काका हा?" आता याला काय बोलणार! आणि खरं सांगायचं तर त्या पोराला माहिती नसण्यात निम्मा वाटा तुमचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या आधीच्या कमिटीसमोर आठ नावं होती. बाँड्स, क्लेमेन्स, शेफील्ड, व्हॅलेन्झुएला, मॅटिंग्ली, डेल मर्फी, जेफ केंट आणि आमचा डेल्गाडो. सोळा जण मत देणार, आत जायला बारा मतं लागणार, आणि प्रत्येकाने जास्तीत जास्त तीनच नावांवर खूण करायची. केंटला १४ पडली, तो गेला आत. दुसऱ्या नंबरवर कोण? बाँड्स नाही, क्लेमेन्स नाही. डेल्गाडो, ९ मतं. म्हणजे अजून फक्त तीन डोकी पटली असती तर काम झालं असतं, आणि मी हे पत्र लिहिण्याऐवजी कूपर्सटाउनला हॉटेल शोधत बसलो असतो.

आता नवीन मंडळींसाठी थोडक्यात. डेल्गाडो पोर्तो रिकोमधल्या अग्वाडियाचा, जन्म १९७२ चा. सुरुवात कॅचर म्हणून, मग थोडे दिवस लेफ्ट फील्ड, शेवटी फर्स्ट बेस. १९९३ ते २००४ टोरंटो, २००५ फ्लोरिडा, मग २००९ पर्यंत न्यूयॉर्क मेट्स. एकूण होमरन (बॉल थेट कुंपणाबाहेर) ४७३, आरबीआय १५१२, म्हणजे त्याच्या बॅटमुळे एवढे रन्स घरी आले. १९९७ पासून २००६ पर्यंत सलग दहा सीझन दरवर्षी किमान ३० होमरन, आणि एक वर्ष गॅप घेऊन २००८ ला परत ३८. पोर्तो रिकोत जन्मलेल्या कुठल्याही खेळाडूचे मेजर लीगमध्ये याच्याएवढे होमरन नाहीत, क्लेमेंटेचे नाहीत, सेपेडाचे नाहीत, बेल्ट्रानचे पण नाहीत. ब्लू जेजच्या होमरनच्या यादीत आजही वर त्याचंच नाव आहे, ३३६.

आधी पत्रकार मतं देतात, तिथे राहिलेले मग तुमच्या कमिटीकडे येतात. एवढं असून हा माणूस २०१५ ला पत्रकारांच्या बॅलटवर आला आणि पहिल्याच वर्षी बाहेर फेकला गेला. ५४९ जणांनी मतं दिली, त्यातली याला २१. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं कटतं, आणि पाच टक्के म्हणजे २८ मतं. सात मतं कमी पडली बघा, फक्त सात, आणि त्या सात मतांपायी जी दहा वर्षं दुसऱ्यांना मिळतात, चर्चेची, लेख लिहिण्याची, टीव्हीवर भांडण्याची, ती सगळी त्याची गेली.

आता कुणी म्हणेल, पत्रकारांना नाही वाटला तो लायक, संपला विषय. तर तसं नाहीये ना. २०१५ चं बॅलट एकदा काढून बघा. एका पत्रकाराला दहाच नावं लिहायची मुभा, आणि यादीत कोण कोण होतं? रँडी जॉन्सन, पेद्रो मार्टिनेझ, स्मोल्ट्झ, बिजिओ, हे चार तर त्याच वर्षी गेले. त्याशिवाय पियाझा, बॅगवेल, रेन्स, ट्रॅमेल, एडगर मार्टिनेझ, मुसिना, ली स्मिथ, लॅरी वॉकर, मॅकग्रिफ, केंट. हे सगळेच्या सगळे नंतर हॉलमध्ये गेले, कुणी पत्रकारांच्या मतांनी, कुणी तुमच्यासारख्या कमिटीच्या. मोजले तर चौदा होतात. वर औषधांच्या आरोपांतले बाँड्स आणि क्लेमेन्स वेगळेच. चौदा लायक माणसं आणि जागा दहा, मग पंधरावा कितीही चांगला असला तरी त्याचं नाव लिहिणार कोण आणि कुठे? त्या वर्षी डेल्गाडोच्या केसचा विचार होऊन ती नाकारली गेली असं मी मानतच नाही. त्याचा नंबर लागायच्या आधीच काउंटर बंद झाला.

याच्या उलट मॅकग्रिफचं बघा. तो पण एकेकाळी ब्लू जेजचाच, फर्स्ट बेसच, स्वभावाने शांत, आणि मला आवडायचा, त्याच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. त्याला पत्रकारांनी दहा वर्षं लटकवलं, शेवटच्या वर्षी ३९.८ टक्के मिळाले, पण त्या दहा वर्षांत लोकांच्या डोक्यात बसलं की बाबा याच्यावर अन्याय होतोय, आणि २०२२ ला कमिटीने त्याला सोळाच्या सोळा मतं दिली. सोळाच्या सोळा! मॅकग्रिफचे होमरन ४९३, डेल्गाडोचे ४७३. पण मॅकग्रिफ मॅचेस खेळला २४६० आणि डेल्गाडो २०३५. सव्वाचारशे मॅचेस कमी खेळून फक्त वीस होमरनचा फरक. आणि तुम्हा लोकांना आवडतो तो ओपीएस प्लस, ज्यात त्या काळातल्या बाकीच्या बॅटरांशी आणि ग्राउंडच्या साइझशी सगळा हिशोब जुळवून घेतात आणि १०० म्हणजे साधारण बॅटर, त्यात मॅकग्रिफ १३४ आणि डेल्गाडो १३८. मग एक सोळा आणि एक नऊ कसा?

हॅरॉल्ड बेन्सचं तर मी बोलतच नाही. बरं बोलतोच. ३८४ होमरन, ओपीएस प्लस १२१, पत्रकारांच्या मतदानात कधी सात टक्के पण नाही पडले आणि २०१८ ला कमिटीने बरोब्बर बारा मतांनी आत घेतला. घेतलात ना, चांगलं केलंत, सज्जन माणूस आहे, पण मग दार एवढं उघडल्यावर डेल्गाडोच्या वेळीच फूटपट्टी घेऊन का उभे राहता?

आता मुद्द्याचं. डेल्गाडो ज्या वर्षांत सगळ्यात भारी खेळला ती वर्षं म्हणजे बेसबॉलमधली सगळ्यात घाण वर्षं, स्टिरॉइडची. सत्तर होमरन काय, त्र्याहत्तर काय, कुणाचे दंड किती फुगलेत ते स्टेडियमच्या वरच्या पाचशे लेव्हलवर बसून आम्हाला दिसायचं आणि खाली कुणाला दिसत नव्हतं. अशा काळात एक माणूस येतो, ४१ मारतो, ४४ मारतो, ४२ मारतो, आणि ते आकडे साधे वाटतात. खोट्या नोटांच्या बंडलात एखादी खरी सापडावी तसं झालं त्याचं, बाजार उठल्यावर सगळ्यांनी अख्खं बंडलच फेकून दिलं. औषधं घेणाऱ्यांवरच्या २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये एवढी नावं आली, त्यात त्याचं नाव नाही. ना कुठली टेस्ट फेल, ना कुठला आरोप.

आणि २००३! हे वर्ष मला कधी विसरता येणार नाही आणि तुम्हीही विसरू नका. २५ सप्टेंबरची संध्याकाळ, टोरंटोच्या स्कायडोममध्ये टँपा बे डेव्हिल रेजविरुद्ध मॅच, सीझन जवळपास संपलेला, दोन्ही टीमना काही मिळवायचं नाही, स्टेडियम अर्ध्याहून जास्त रिकामं. पहिल्या इनिंगला डेल्गाडो येतो, तीन रनांचा होमरन, आणि तो त्याच्या करिअरचा तीनशेवा. चौथ्या इनिंगला दुसरा. सहाव्याला तिसरा. आठव्याला टीम एका रनने मागे असताना चौथा, मॅच बरोबरीत. चार वेळा बॅट घेऊन आला, चारही वेळा बॉल बाहेर, आणि ब्लू जेज १०–८ ने जिंकले. मी नव्हतो तिथे, दुसऱ्या दिवशी सकाळी किपलिंग स्टेशनवरून ट्रेन पकडताना बाजूच्याच्या पेपरमध्ये फोटो दिसला, त्याने पेपर मला देऊनच टाकला आणि म्हणाला ठेव. ओळख ना पाळख, तेव्हा टोरंटोत डेल्गाडो हा विषयच तसा होता.

त्या वर्षी त्याचे ४२ होमरन आणि १४५ आरबीआय, आणि ते आरबीआय दोन्ही लीग मिळून सगळ्यात जास्त. आणि एमव्हीपी, म्हणजे लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, कुणाला ठरवलं? ॲलेक्स रॉड्रिग्जला, २४२ पॉइंट विरुद्ध २१३. रॉड्रिग्जची टेक्सास टीम आपल्या डिव्हिजनमध्ये तळाला होती हे सोडून देऊ. पण २००९ ला त्याच रॉड्रिग्जने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की २००१ ते २००३ टेक्सासला असताना तो बंदी असलेली औषधं घेत होता. २००३ त्यातच आलं. आता सांगा, ज्या एका ट्रॉफीमुळे डेल्गाडोच्या नावापुढे लोक दोन मिनिटं जास्त थांबले असते ती ट्रॉफी ज्याच्या घरी आहे त्याने खुद्द सांगितलंय की मी चीटिंग केलं. ती काढून याला द्या असं मी म्हणत नाही, ते तुमच्या हातात पण नाही. पण "याला एकही एमव्हीपी नाही" हे कारण निदान त्या खोलीत तरी कुणी तोंडावर आणू नये.

त्याच्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे, ते लपवून काय मिळणार. फील्डिंग बेताची होती, बेताची म्हणजे खरंच बेताची, दोन पावलं डावीकडे गेलेला बॉल बऱ्याचदा राइट फील्डरच्या मालकीचा व्हायचा. खेळाडूची एकूण किंमत एका आकड्यात सांगणारं ते वॉर नावाचं गणित आहे त्यात त्याचा आकडा ४४ च्या आसपास येतो, हॉलमधल्या फर्स्ट बेसवाल्यांपेक्षा बराच कमी, आणि यावरच तुमच्यातले निम्मे लोक अडतात. हिट्स २०३८ च. ऑल स्टार दोनदाच, कारण त्या काळात अमेरिकन लीगमध्ये फर्स्ट बेसला मारणाऱ्यांची रांग लागली होती. आणि शेवट अचानक झाला. २००९ च्या मे महिन्यात उजव्या हिपचं ऑपरेशन, त्या सीझनला जेमतेम २६ मॅचेस, त्यात बॅटिंग ॲव्हरेज .२९८ चालू असताना. नंतर परत यायचा प्रयत्न केला, नाही जमलं, २०११ ला रिटायर. पाचशे होमरनला २७ कमी. ते २७ झाले असते तर तुम्ही आणि मी हा विषय बोलतच नसतो, दहा वर्षांपूर्वी पाटी लागली असती, आणि मला याचीच गंमत वाटते की एक हिप नीट असता तर हाच माणूस तुमच्या लेखी मोठा झाला असता.

तुमच्या नियमात एक ओळ आहे, सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पण बघायचं म्हणून. ही ओळ तुम्ही आजपर्यंत लोकांना बाहेर ठेवायला भरपूर वापरलीत, आणि बरोबर वापरलीत असं माझं मत आहे, बाँड्स-क्लेमेन्सच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. पण ती ओळ कधी कुणाला आत घ्यायला पण वापरायची असते की नाही?

व्हिएकेस नावाचं बेट आहे, पोर्तो रिकोच्या पूर्वेला. अमेरिकन नेव्ही तिथे साठेक वर्षं बाँबचा सराव करत होती, लोक राहतात त्याच बेटावर. १९९९ ला तिथे एक स्थानिक गार्ड बाँब पडून मेला आणि अख्खा पोर्तो रिको रस्त्यावर आला. डेल्गाडोने तेव्हा नुसतं स्टेटमेंट नाही दिलं, पैसे घातले, मोठ्या पेपरात जाहिरातीत नाव घातलं. २००३ च्या मे मध्ये नेव्ही गेली. पुढे २००४ ला, इराकचं युद्ध चालू असताना, सातव्या इनिंगला सगळे उभे राहून 'गॉड ब्लेस अमेरिका' म्हणायचे तेव्हा हा गुपचूप डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, बसून राहायचा. माइक नाही, भाषण नाही, कितीतरी दिवस कुणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. मग पेपरात आलं, आणि यँकी स्टेडियमवर लोकांनी त्याला काय हुर्यो उडवली, प्रत्येक वेळी बॅटिंगला आला की बू. अमेरिकन फुटबॉलवाला कॉलिन केपर्निक राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसला ते २०१६ साल, हा माणूस त्याच्या बारा वर्षं आधी, न्यूयॉर्कमध्ये, ९/११ ला तीनच वर्षं झालेली असताना. त्याचं मत तुम्हाला पटो न पटो, मला स्वतःला सगळं पटतं असंही नाही, पण पुढच्याच वर्षी नवीन टीम शोधायची असताना एवढी हिंमत किती जण करतात? आणि मेट्सकडे गेल्यावर त्यांचा नियम उभं राहायचा होता तर तमाशा न करता उभा राहिला. यावरून पण काही लोकांनी त्याला नावं ठेवली, म्हणजे इकडून पण मार आणि तिकडून पण.

मेट्सकडे असताना पाठीवर २१ नंबर, पोर्तो रिकोच्या लाडक्या क्लेमेंटेचा. २००६ ला क्लेमेंटेच्याच नावाचा पुरस्कार मिळाला, जो मेजर लीगमध्ये समाजासाठी काम करणाऱ्याला देतात. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना क्लेमेंटेचं विमान पडलं तेव्हा तुमच्याच संस्थेने पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून त्याला १९७३ ला आत घेतलं होतं. तेव्हा आकड्यांपलीकडचं बघता येत होतं की तुम्हाला.

एक गोष्ट मात्र मला त्या सगळ्यापेक्षा जास्त आवडते. बॅटिंग करून आला, होमरन मारलेला असो नाहीतर स्ट्राइकआउट, हा डगआउटमध्ये बसून आधी वही काढायचा. कुठल्या पिचरने काय टाकलं, कुठे टाकलं, आपण काय केलं, सगळं पेनाने लिहायचा. बाजूला पोरं टाळ्या देतायत, सूर्यफुलाच्या बिया थुंकतायत, आणि हा दहावीचा अभ्यास करावा तसा मान खाली घालून लिहितोय. टीव्हीवर कॅमेरा हमखास तिकडे जायचा. २७ जून २००८ ला यँकींच्याच ग्राउंडवर एका मॅचमध्ये नऊ आरबीआय केले, मेट्सचा रेकॉर्ड. त्या दिवशी वहीत काय लिहिलं असेल ते वाचायला मी काहीही देईन.

"प्लेऑफमध्ये काय केलं त्याने?" असं पण विचारतात. एकदाच मिळाला चान्स, २००६ ला. त्यात बॅटिंग ॲव्हरेज .३५१, चार होमरन. कार्डिनल्सविरुद्ध सातवी मॅच, शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, मेट्स दोन रनने मागे, बॅटिंगला बेल्ट्रान. वेनराइटचा तो कर्व्ह आला आणि बेल्ट्रान नुसता बघत राहिला, स्ट्राइक तीन, सीझन खलास. पुढचा नंबर कुणाचा होता? डेल्गाडोचा. त्यानंतर त्याला प्लेऑफ परत कधी मिळालाच नाही. यात त्याची चूक दाखवा मला.

आता २०२८ चं. आधी तर यादी बनवणाऱ्यांनी त्याचं नाव परत घ्यायला हवं, ९ मतं मिळालेल्याला वगळलं तर मग बोलायलाच नको. नवीन नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी मतं पडलेले त्या वर्षी येत नाहीत, म्हणजे बाँड्स, क्लेमेन्स, शेफील्ड, व्हॅलेन्झुएला नसणार, मतं फुटायचं एक मोठं कारण कमी झालं. मॅटिंग्ली आणि मर्फी आले तर येऊ दे, तीन खुणा आहेत ना तुमच्याकडे, मर्फीला द्या दुसरी, माझी काही हरकत नाही.

फक्त "बघू पुढच्या खेपेला" म्हणू नका. मारणाऱ्या बॅटरांच्या बाबतीत तुमच्या कमिट्यांचा हा पुढच्या खेपेचा इतिहास काही बरा नाही. डिक ॲलन एका मताने राहिला, २०२० च्या डिसेंबरला वारला, मग परत एका मताने राहिला, आणि २०२४ ला तुम्ही त्याला निवडलंत. त्याच वेळी निवडलेला डेव्ह पार्कर २०२५ च्या जूनमध्ये वारला, आणि सोहळा होता जुलैत. डेल्गाडो धडधाकट आहे, खूप वर्षं राहो. पण त्याचं भाषण मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्हीत करेल तो, आणि समोर टोरंटोहून आलेल्या बसेस लागलेल्या असतील.

नऊ जणांनी ऑलरेडी हो म्हटलंय. बाकीच्या सातांपैकी तीन.

आपला,
मिसिसागातला एक जुना ब्लू जेजवाला

ता.क. : जानेवारी २०१५ ला पत्रकारांच्या बॅलटवरून त्याचं नाव कटलं आणि त्याच वर्षी कॅनडाच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने, ऑन्टारिओतल्या सेंट मेरीजला, त्याला आत घेतलं. ग्रुपवरच्या ज्यांना "कोण हा" असा प्रश्न पडतो त्यांनी उन्हाळ्यात मुलांना घेऊन एकदा तिकडे जाऊन यावं, मिसिसागाहून एका दिवसात आरामात होतं, डबा बरोबर घ्या.